मेव्हण्याला 38 व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर, मग मुलीची स्टूल टेस्ट करायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायकोच्या सख्ख्या भावाला 38 व्या वर्षी रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघाला, दारू नाही, सिगरेट नाही, घरात आधी कुणाला काही नाही. मग तुम्ही वाचलं की लहानपणी पोटात आलेल्या ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियाच्या विषामुळे तरुणांमध्ये हा कॅन्सर वाढतोय. आता तुमचं वय 41, बायको 36, मुलगी सहा वर्षांची, आणि विचारताय की मुलीची मायक्रोबायोम टेस्ट, म्हणजे आतड्यात कुठले बॅक्टेरिया आहेत ते बघणारी स्टूल टेस्ट, करून घ्यावी का, त्यात तो बॅक्टेरिया निघाला तर अँटिबायोटिक द्यायचं का, आणि प्रोबायोटिकने तो जातो का.

आधी उत्तर देऊन टाकतो. मुलीची टेस्ट करू नका. अँटिबायोटिक तर अजिबात नको. पण इतक्या लांबलचक प्रश्नात बायकोच्या तपासणीबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही, आणि खरी तपासणी व्हायला हवी ती तिची, तीसुद्धा स्टूलची नाही, कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं. ते खाली येतंच. आधी बॅक्टेरियाचं बघू, कारण तुम्ही वाचलंय ते खोटं नाहीये, फक्त बातमीत त्याचा अर्थ भलतीकडे गेलाय.

त्या विषाचं नाव कोलिबॅक्टिन. सगळे ई. कोलाय ते बनवत नाहीत, ज्यांच्याकडे पीकेएस नावाचा जीन्सचा एक मोठा गठ्ठा आहे, डीएनएच्या साधारण 54 हजार अक्षरांचा, तेच बनवतात. फ्रान्समधल्या तुलूझच्या टीमने 2006 मध्ये दाखवलं की असे बॅक्टेरिया माणसाच्या पेशींना चिकटवून ठेवले की पेशींच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. गंमत म्हणजे कोलिबॅक्टिन हा पदार्थ इतका अस्थिर आहे की वर्षानुवर्षं कुणाला तो बाटलीत शुद्ध स्वरूपात पकडताच आला नाही, त्याचं रूप कळलं ते 2019 च्या आसपास आणि तेही उलट्या बाजूने, म्हणजे डीएनएला चिकटलेले त्याचे तुकडे बघून. येल आणि हार्वर्डच्या लोकांनी ते काम केलं. रेणूच्या दोन्ही टोकांना कार्बनची ताणलेली छोटी तिकोनी रिंग असते, आणि ही दोन टोकं डीएनएच्या समोरासमोरच्या दोन धाग्यांवरचं एकेक ॲडेनिन, म्हणजे डीएनएतलं ए हे अक्षर, धरून ठेवतात. म्हणजे जे दोन धागे पेशी विभागताना वेगळे व्हायला हवेत ते एकमेकांना टाचले जातात. बॅक्टेरिया स्वतः यात मरत नाही कारण तो हा माल आतमध्ये शेपूट लावून निष्क्रिय बनवतो आणि बाहेर पाठवायच्या वेळी क्लबपी नावाचं एन्झाइम ती शेपूट कापतं.

आता टाचलेले धागे सोडवताना पेशीची दुरुस्ती यंत्रणा चुका करते, आणि त्या कुठेही होत नाहीत, ठरलेल्या जागी होतात. जिथे ए आणि टी अक्षरांची गर्दी आहे तिथे टी च्या जागी दुसरंच काही येतं, किंवा टी टी टी टी अशा रांगेतला एक टी गळून जातो. पहिल्या प्रकारच्या खुणेला एसबीएस 88 म्हणतात, दुसऱ्याला आयडी 18. हे कसं ठरलं, तर नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबने माणसाच्या आतड्याच्या पेशींचे बारीक गोळे, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात, त्यांच्या आतल्या पोकळीत पाच महिने पुन्हा पुन्हा हे ई. कोलाय सोडले, आणि दुसऱ्या बाजूला तेच ई. कोलाय पण कोलिबॅक्टिन बनवण्याची सोय काढून टाकलेले. मग दोन्हीकडचा डीएनए वाचला. पहिल्यात या खुणा, दुसऱ्यात नाहीत. आणि मग याच खुणा खऱ्या पेशंट्सच्या कॅन्सरमध्ये शोधल्या तर काही जणांमध्ये सापडल्या, त्यातही मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये. हा 2020 चा पेपर माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे, कारण त्याआधी जे होतं ते बरचसं 'पेशंटमध्ये बॅक्टेरिया जास्त सापडला' या टाइपचं होतं. उदाहरणार्थ 2012 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात 21 कॅन्सर पेशंट्सपैकी 14 जणांमध्ये पीकेएसवाला ई. कोलाय निघाला आणि कॅन्सर नसलेल्या 24 पैकी 5 जणांमध्ये. आकडे बघून डोळे मोठे होतात, पण गाठ आल्यावर तिथलं वातावरणच बदलतं आणि असे बॅक्टेरिया तिथे आवडीने राहतात, मग आधी कोण आलं हे त्यातून कसं कळणार.

तुम्ही वाचलेली बातमी बहुतेक एप्रिल 2025 मधल्या पेपरची आहे. सॅन डिएगोच्या लुडमिल अलेक्झांड्रॉव्ह यांच्या टीमने 11 देशांतल्या 981 आतड्याच्या कॅन्सरचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले (यात भारत नव्हता हे लक्षात ठेवा). चाळिशीच्या आतल्या पेशंट्समध्ये कोलिबॅक्टिनच्या खुणा सत्तरीपुढच्यांपेक्षा 3.3 पट जास्त आढळल्या. दुसरं म्हणजे या खुणा कॅन्सरच्या प्रवासात फार लवकर उमटलेल्या होत्या, हिशोब लावला तर आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांत. ज्यांच्यात खुणा होत्या त्यांच्यात एपीसी नावाच्या जीनमधल्या, म्हणजे ज्याच्यात बिघाड झाला की पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, जिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) सुरू होतो त्या जीनमधल्या, अक्षरं गळण्या-घुसण्याच्या बिघाडांपैकी सुमारे पाव भाग या आयडी 18 च्या पद्धतीचा होता. त्याआधी 2019 मध्येच केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या लोकांनी आतड्याच्या अगदी नॉर्मल अस्तरात अशीच खूण पाहिली होती, तीही लहानपणीच उमटलेली, फक्त तेव्हा ती कुणाची आहे ते माहीत नव्हतं.

आता नीट वाचा, कारण इथेच घोळ होतो. 3.3 पट म्हणजे ज्याच्या पोटात हा बॅक्टेरिया आहे त्याला कॅन्सरचा धोका 3.3 पट, असं नाही. ती तुलना कॅन्सर झालेल्या तरुण आणि कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या माणसांमधली आहे. धडधाकट लोकांपैकीसुद्धा ढोबळमानाने पाचातल्या एकाच्या पोटात पीकेएसवाला ई. कोलाय असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. नॉर्मल अस्तरातही खूण सापडते हे वर सांगितलंच.

म्हणून मुलीच्या स्टूल टेस्टला माझा विरोध का, तर नुकसान झालं असेल तर ते काही वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं असू शकतं आणि बॅक्टेरिया कधीच निघून गेलेला असू शकतो, किंवा आज बॅक्टेरिया आहे पण तो अस्तराला चिकटतच नाही त्यामुळे काही करत नाही. त्याच 2025 च्या अभ्यासात ट्यूमरमध्ये आज हा बॅक्टेरिया आहे की नाही याचा आणि डीएनएवरच्या जुन्या खुणांचा मेळ बसला नव्हता. आज घरात कोण भाडेकरू आहे ते बघून तीस वर्षांपूर्वी भिंतीत खिळे कुणी ठोकले ते शोधण्यातला हा प्रकार आहे. शिवाय बाजारात ज्या मायक्रोबायोम टेस्ट मिळतात त्यातल्या बऱ्याच जणी फक्त बॅक्टेरियाची जात सांगतात, पीकेएस आहे की नाही ते सांगतच नाहीत, आणि रिपोर्टवर लाल रंगात 'एशेरिशिया: हाय' असं छापून आलं की आईबाप महिनाभर झोपत नाहीत. मी असे रिपोर्ट घेऊन आलेले पालक बघतो, रंगीत ग्राफ, गोल गोल चार्ट, शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या सप्लिमेंटची जाहिरात. त्या रिपोर्टवरून ट्रीटमेंट बदलावी असं एकही कारण मला आजवर दिसलेलं नाही.

अँटिबायोटिकचं तर बोलूच नका. ई. कोलाय मारायला दिलेलं औषध बाकीच्या शेकडो जातींनाही झोडपतं, ई. कोलाय आईकडून, घरातल्यांकडून, पाण्यातून परत येतो, आणि आला तर यावेळी रेझिस्टंट होऊन येतो. सहा वर्षांच्या पोरीच्या पोटात हा उद्योग करून कॅन्सर टळतो असा पुरावा जगात कुठेही नाही.

प्रोबायोटिकबद्दल एक किस्सा सांगण्यासारखा आहे. जगातल्या सगळ्यात जुन्या प्रोबायोटिक्सपैकी एक म्हणजे ई. कोलाय निस्ल 1917. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या आल्फ्रेड निस्ल या डॉक्टरांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून तो वेगळा केला, बाकीचे सैनिक जुलाबाने बेजार असताना हा ठणठणीत होता म्हणून. जर्मनीत तो अजून विकला जातो, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याच्या जुनाट आजारात, वापरतातही. आणि हाच निस्ल पीकेएसवाला आहे, कोलिबॅक्टिन बनवतो. म्हणजे प्रोबायोटिक म्हटलं की झालं चांगलं, असं नसतं, कुठला स्ट्रेन, म्हणजे त्या बॅक्टेरियाचा नेमका कुठला पोटप्रकार, आहे ते बघावं लागतं. आपल्याकडे केमिस्टकडे जी पाकिटं मिळतात त्यात बहुतेक लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस किंवा सॅकरोमायसिस असतात, त्यांचा कोलिबॅक्टिनशी संबंध नाही, पण ते घेतल्याने पीकेएसवाला ई. कोलाय हटतो असंही कुणी माणसांत सिद्ध केलेलं नाही. दही खा की रोज, आवडतं म्हणून खा, औषध म्हणून नको.

आणि हो, आतड्यातले बॅक्टेरिया म्युटेशन, म्हणजे डीएनएत बदल, करणारे (म्युटेजेनिक) पदार्थ बनवतात ही कल्पना काही नवी नाही. 1977 मध्ये टोरांटोच्या रॉबर्ट ब्रूस यांच्या टीमने माणसाच्या विष्ठेच्या अर्कात म्युटेजेनिक पदार्थ असतो हे दाखवलं, पदार्थ डीएनए बिघडवतो का हे बघायला साल्मोनेला बॅक्टेरिया वापरून करतात त्या एम्स टेस्टमध्ये तो झणझणीत पॉझिटिव्ह यायचा. पुढे कळलं की ते फेकापेंटाईन आहेत आणि बॅक्टेरॉइड्स जातीचे बॅक्टेरिया ते बनवतात. झालं, सगळ्यांना वाटलं कोलन कॅन्सरचं कारण सापडलं. मग 1980 च्या दशकाच्या शेवटी पेशंट आणि निरोगी लोक शेजारी ठेवून मोजलं तर पेशंट्समध्ये फेकापेंटाईन जास्त निघालंच नाही. टेस्ट ट्यूबमध्ये डीएनए बिघडवणारा पदार्थ माणसात कॅन्सर करतोच असं नसतं, यासाठी याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कोलिबॅक्टिनची केस यापेक्षा कितीतरी पटीने मजबूत आहे कारण त्याच्या खुणा खऱ्या ट्यूमरच्या डीएनएत वाचता येतात, फेकापेंटाईनचं तसं काहीच नव्हतं. तरीही मी कारण सिद्ध झालं असं म्हणायला अजून थांबेन.

बाकीची मंडळी पटकन सांगतो. मॉर्गनेला मॉर्गनाय नावाचा बॅक्टेरिया इंडोलिमाइन नावाचे पदार्थ बनवतो, तेही डीएनए तोडतात, हे 2022 मध्ये येलमधून आलं आणि तो कोलायटिसच्या पेशंट्समध्ये जास्त दिसतो. बॅक्टेरॉइड्स फ्रजिलिसचा एक प्रकार टॉक्सिन सोडतो जे अस्तर सैल करतं आणि सूज वाढवतं, आणि एफएपी म्हणजे आनुवंशिक शेकडो पॉलिप्सच्या आजारात हा आणि पीकेएसवाला ई. कोलाय दोघं मिळून अस्तरावर थर करून बसलेले आढळले, 2018 चा अभ्यास आहे. यातला तर्क मला पटतो, एक जण दार उघडतो आणि दुसरा आत जाऊन डीएनए टाचतो. फ्युझोबॅक्टेरियमचं नाव सतत ऐकू येतं, तो तोंडातला बॅक्टेरिया, पण तो डीएनए बिघडवणारा म्हणून प्रसिद्ध नाही, तो आलेल्या गाठीला पोसतो. चरबीयुक्त जेवणानंतर पित्तरसाचं बॅक्टेरिया जे डीऑक्सिकोलिक ॲसिड करतात तेही पेशींना त्रासदायक. सॉसेज, सलामी, बेकनमधल्या नायट्राइटचं आणि लाल मांसातल्या हीममुळे (मांसाला लाल रंग देणारा लोहयुक्त पदार्थ) आतड्यात डीएनए बिघडवणारी एन-नायट्रोसो संयुगं तयार होतात, हे मात्र थेट ताटाशी जोडलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्ये प्रोसेस्ड मांसाला पक्क्या कॅन्सरकारकांच्या यादीत टाकलं, रोज 50 ग्रॅममागे धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशोब. हे 18 टक्के मूळ धोक्याच्या वर आहेत, शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर होतो असं नाही. रविवारच्या मटणाने घाबरू नका, मुलीच्या डब्यात रोज चिकन सलामी जात असेल तर ती बंद करा.

जेवणाचं विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण बॅक्टेरिया हटवण्यापेक्षा त्याला काम करू न देणं हे जास्त शक्यतेतलं वाटतं. 2025 मध्येच टोरांटोच्या लोकांनी उंदरांवर दाखवलं की कार्बोहायड्रेट आणि फायबर दोन्ही कमी असलेलं जेवण आणि पोटात पीकेएसवाला ई. कोलाय, ही जोडी जमली की पॉलिप वाढले, आतड्यावरचा म्युकसचा थर पातळ झाला, आणि फायबर परत दिल्यावर प्रकार आटोक्यात आला. उंदीरच आहेत, माणूस नाही, पण जिममधल्या दादाने सांगितलं म्हणून भाकरी सोडून वर्षानुवर्षं अंडी-पनीरवर राहणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं. माणसांमधल्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की रोजच्या 10 ग्रॅम फायबरमागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे 10 टक्के कमी दिसतो. 100 ग्रॅम ज्वारीतच साधारण 10 ग्रॅम फायबर मिळतं. मटकीची उसळ, भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, यासाठी परदेशी पावडरी घ्यायची गरज नाही.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे हेही सांगायला हवं. भारतात आतड्याचा कॅन्सर अजून पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे, बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्रीत तर मुंबईपेक्षाही कमी. पण टाटा मेमोरियलने आपल्या 800 पेशंट्सचा आढावा घेतला तेव्हा सरासरी वय 47 च्या आसपास निघालं होतं, परदेशात ते साठीच्या पुढे असतं. यावरून लगेच 'भारतीय तरुणांना कोलिबॅक्टिन झालं' असं म्हणू नका, आपला देशच तरुण आहे, तरुण जास्त म्हणून तरुण पेशंट जास्त, हा भाग त्यात मोठा आहे. आपल्या पेशंट्सच्या ट्यूमरमध्ये या खुणा किती आहेत हे मोठ्या प्रमाणावर बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे उशीर होतो तो मात्र अगदी साध्या कारणाने. संडासवाटे रक्त आलं की माणूस मूळव्याध समजतो. गावात मूळव्याधीच्या बोर्डाची कमी नाही, कुणी पुडी देतं, कुणी क्षारसूत्र करतं, मेडिकलवाला मलम देतो, आणि सहा-आठ महिने जातात. आमच्या ओपीडीत येतो तो पेशंट हातात मलमाची अर्धी ट्यूब घेऊन, आणि विचारलं की आधी कुणी बोट घालून तपासलं का, तर नाही. ग्लोव्ह घालून बोटाने तपासायला एक मिनिट लागतं, रेक्टमच्या खालच्या भागातली गाठ त्यात हाताला लागते, कडक, खडबडीत, ग्लोव्हला रक्त लागतं. मूळव्याध अशी कडक लागत नाही. तुमच्या मेव्हण्याचं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तरुण पेशंटची स्टोरी बहुतेक वेळा हीच असते. रक्त, शौचाची सवय बदलणं, जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटणं, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरणं, यातलं काहीही असेल तर वय तिशीचं असलं तरी तपासून घ्यायचं.

आता तुमच्या घरचं. मेव्हणा तुमचा, पण रक्ताचं नातं बायकोचं. सख्ख्या भावाला साठीच्या आत कॅन्सर निघाला तर बहीण-भावांची कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा करायची, असा सर्वसाधारण नियम आहे. 38 वजा 10 म्हणजे 28. तुमची बायको 36 ची आहे, म्हणजे तिची वेळ होऊन गेलीय. लक्षणं असोत नसोत, करून घ्या, नॉर्मल आली तर साधारण पाच वर्षांनी परत. तिला आणखी भावंडं असतील तर त्यांचीही. आईवडील हयात असतील तर त्यांनाही विचारा की आधी कधी झालीय का. कोलोनोस्कोपीचा खरा त्रास आदल्या रात्रीचा, पावडरचं ते पाणी पिऊन बाथरूमच्या फेऱ्या, तपासणी स्वतः सेडेशनमध्ये अर्ध्या-पाऊण तासात होते. पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढता येतो, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-एक वर्षं लागतात, म्हणून याचा फायदा होतो. कोलिबॅक्टिनने बिघाड केला असो की आणखी कशाने, पॉलिप काढला की तो मार्ग तिथे संपतो.

तुम्हाला स्वतःला, लक्षणं नसतील तर, आत्ता कोलोनोस्कोपीची गरज नाही. अमेरिकेत 2021 पासून सगळ्यांसाठी 45 ला स्क्रीनिंग सुरू करा म्हणतात, आपल्याकडे सरकारी स्क्रीनिंगमध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही, त्यामुळे ते ज्याचं त्यानेच बघायचं. 45 नंतर वर्षातून एकदा एफआयटी नावाची स्टूलमधलं न दिसणारं रक्त शोधणारी टेस्ट केलीत तर चांगलं. स्टूल टेस्टवर खर्च करायचाच असेल तर तो या टेस्टवर करा. बायकोला मात्र ती पुरेशी नाही.

आणि एक काम मेव्हण्याच्या बाजूने. त्याच्या बायोप्सीवर एमएमआर नावाची टेस्ट (लसीतलं एमएमआर नाही, डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीन्स बघणारी) झालीय का ते त्याच्या ऑन्कोलॉजिस्टला विचारा, एमएलएच 1, एमएसएच 2, एमएसएच 6 आणि पीएमएस 2 अशी चार प्रोटीन्स बघतात, त्यातलं एखादं गायब असेल तर लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, असू शकतो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये तो शंभरात तीनेक जणांना असतो, पण तरुण पेशंटमध्ये त्याचा विचार आधी करायचा, आणि 'घरात कुणाला नाही' म्हटल्याने तो नाही असं होत नाही, छोट्या कुटुंबांत दिसतच नाही कधीकधी. मेव्हण्याच्या ट्रीटमेंटसाठीही ते कळणं महत्त्वाचं, कारण अशा गाठींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं, फार चांगली लागू पडते. लिंच निघाला तर बायकोची रक्ताची जेनेटिक टेस्ट, तिच्यात तो नसेल तर मुलीचा प्रश्नच मिटला, आणि असेल तरी मुलीची टेस्ट ती सज्ञान झाल्यावर, कोलोनोस्कोपी विशीत सुरू होते. सहाव्या वर्षी काहीच करायचं नसतं. मेव्हण्याच्या पॅथॉलॉजी रिपोर्टची एक झेरॉक्स काढून बायकोच्या फाइलला लावा आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या गावातल्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट तिच्या नावाने घ्या.